अध्यक्षसाहेब गाडीत बसले तेव्हा

माणसाला बाहेर काढण्यासाठी कापलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. माझा पोटाचा धंदाच तो. विमा कंपन्यांसाठी मी अपघातात सापडलेल्या वाहनांची पाहणी करते. कोहमाऱ्याच्या फाट्यावर एखाद्या ढाब्यामागे ओढून ठेवलेला ट्रक असला, चेपलेली कार असली, की मला फोन येतो. मी जाते, भोवती फिरते, फोटो काढते, काय दुरुस्त होईल आणि काय भंगारात जाईल ते सांगते. ढाब्यावरचे लोक आता मला ओळखतात. मॅडमला खुर्ची द्या म्हणतात, चहा आणतात आणि गाडी कशी उलटली ते आळीपाळीने सांगतात, प्रत्येक जण वेगळं. दरवाज्याचा खांब कापलेला दिसला की आतला माणूस कसा बसला असेल, त्याचा पाय कुठे अडकला असेल, हे मला कोणी सांगावं लागत नाही.

पण कापलेली पहिली गाडी मी पाहिली ती जागेवर उभी होती. इंजिन बंद होतं. वळण नव्हतं, उतार नव्हता, समोरून कोणी येत नव्हतं. शेजारी बँड वाजत होता आणि आत बसलेल्या गृहस्थांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. आणि त्या गाडीची रेघन् रेघ मी काढलेली होती.

गोंदियाच्या बाहेर, धानाच्या बांध्यांमध्ये, एका राईस मिलच्या मालकांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं होतं, आणि त्याचे अध्यक्षही तेच होते. मिल आणि कॉलेज या दोन गोष्टी मुळात एकच आहेत अशी त्यांची श्रद्धा असावी. एका बाजूने धान टाकायचं, दुसऱ्या बाजूने तांदूळ काढायचा. फरक एवढाच की कोंडा किती निघाला याच्याकडे मिलमध्ये कोणाचं तरी लक्ष असतं. मी त्या कॉलेजात ऑटोमोबाइलला प्रवेश घेतला. मला गाड्या काढायच्या होत्या. चालवायच्या नव्हत्या, विकायच्या नव्हत्या, दुरुस्तही करायच्या नव्हत्या. कोऱ्या कागदावर अजून कुठेच नसलेली गाडी काढायची आणि एक दिवस ती रस्त्यावरून जाताना पाहायची. घरून विरोध झाला नाही. विरोध करण्याइतकं ते कोणाला कळलंच नव्हतं. मी मोटार चालवायला शिकते आहे असंच आई शेवटपर्यंत समजत होती, आणि त्याला चार वर्षं का लागतात हे शेजारणींना समजावून सांगताना तिची फार ओढाताण व्हायची.

आमच्या प्रयोगशाळेत एक बिनचाकी जीप विटांवर उभी होती. चार वर्षं आम्ही तिचा क्लच उघडला आणि बसवला, बसवला आणि उघडला. माझी खात्री आहे की शेवटी शेवटी आमची बॅच दारात दिसली की तिचे नट आपोआप सैल पडत. डिझाइन हा विषय विभागप्रमुख सर शिकवायचे. ते पुस्तकातली आकृती फळ्यावर काढायचे, आम्ही ती वहीत काढायचो आणि परीक्षेत तीच पेपरात काढायचो. एकदा मी विचारलं की हीच आकृती का, दुसरी काढली तर काय होईल. सर म्हणाले, गुण जातील. त्यांचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं.

नोकरी देणाऱ्या कंपन्या कम्प्युटरवाल्यांसाठी यायच्या. आमच्या शाखेसाठी चार वर्षांत एकच पाहुणे आले, आणि त्यांना ट्रॅक्टरच्या शोरूमसाठी विक्रेते हवे होते, तेही पुरुष.

राहिली ती स्पर्धा. देशभरातल्या कॉलेजांची मुलं दरवर्षी स्वतःच्या हातांनी एक छोटी गाडी बनवायची. एकाच माणसाची, वरून उघडी, पाइपांच्या पिंजऱ्याची, खाचखळग्यांतून उड्या मारत जाणारी. इंजिन सगळ्यांना सारखं, बाकी सगळं ज्याचं त्याचं. ती स्पर्धा माळव्यात, इंदूरकडे व्हायची आणि तिथे मोठ्या कंपन्यांच्या डिझाइन विभागातले लोक येऊन बसायचे. ज्यांच्या गाड्या सुरक्षेच्या तपासणीत उत्तीर्ण होतील त्यांच्याच डिझायनरला ते समोर बसवायचे, ड्रॉइंग पाहायचे, प्रश्न विचारायचे आणि पटलं तर बोलावणं पाठवायचे. आदल्या वर्षी नागपूरकडच्या एका मुलाला असं बोलावणं आलं होतं. गोंदियाहून कोऱ्या कागदापर्यंत जाणारा मला माहीत असलेला एवढाच रस्ता होता. दुसरा मी अजूनही शोधते आहे.

आमच्या टीमचा कॅप्टन सालेकश्याकडचा होता. उंच, बोलका, भांडायला कायम तयार. त्याने सगळ्यांना कामं वाटली. डिझाइन माझं, आणि गाडीही मीच चालवायची, कारण सगळ्यांत हलकी मी. कागदावर काढलेली गाडी पाइपात उतरते तेव्हा काय होतं हे मी सांगायला लागले तर ही हकीकत इथेच थांबेल. पाइप वाकवताना आत चुरमडतो. दोन अंशांनी वाकडा वाकला की पुढचे सगळे रुसतात. वेल्डिंग करताना एका बाजूने तापलेला पिंजरा दुसऱ्या बाजूला मान फिरवून बसतो. आम्ही महिनोन्‌महिने वर्कशॉपमध्ये लोळलो. वजन वाचवायला मी सगळं अंगालगत आणलं. स्टिअरिंगचा दांडा जिथे धरला होता तो ब्रॅकेट मी असा तिरपा बसवला की एक अख्खा पाइप वाचला. त्या ब्रॅकेटचा मला एवढा गर्व होता की मी मैत्रिणींना घेऊन जाऊन तो दाखवायची. त्यांना त्यात दाखवण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. त्याचे चार बोल्ट काढायचे तर जमिनीवर उताणं झोपून पेडलच्या बाजूने हात आत घालावा लागे, आणि तिथे माझाच हात जाई. कॅप्टनचा मनगटापाशी अडकायचा. तो चिडून म्हणायचा, "हे गाडी बनवून राहिलीस का बांगडी?"

चालवणाऱ्याला काही सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे असा नियम होता. मी पडायची. कॅप्टनएवढा उंच माणूसही पडायचा. नियम लिहिणाऱ्यांनी सगळ्या मापांच्या माणसांचा विचार केला होता. फक्त आमचे अध्यक्षसाहेब त्यांनी पाहिलेले नव्हते.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुठलीही वस्तू उद्घाटनाशिवाय सुरू होत नाही. पाण्याची टाकी, झेरॉक्सचं मशीन, स्वच्छतागृह. संस्थेने नवा फळा घेतला तेव्हाही फीत लावली होती. आणि उद्घाटन म्हणजे साहेबांनी ती वस्तू वापरून दाखवायची. टाकीचं पाणी प्यायचं, झेरॉक्सची पहिली प्रत काढायची. स्वच्छतागृहाच्या वेळी मी गावी होते.

गाडी माळव्याला न्यायचा ट्रक संध्याकाळी भरायचा होता. सकाळी मांडव पडला, खुर्च्या आल्या, बँड आला. भटजी आले. त्यांना स्वस्तिक काढायला बॉनेट हवं होतं, आणि आमच्या गाडीला बॉनेटच नव्हतं, म्हणून त्यांनी ते माझ्या सीटच्या पाठीवर काढलं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. वहिनीसाहेबांनी, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नींनी, गाडीला ओवाळलं. मग अध्यक्षसाहेब बोलायला उभे राहिले. जवळच्या बिरसी विमानतळावरचं शिकाऊ विमान नेमकं डोक्यावर घिरट्या घालत होतं, त्यामुळे भाषण तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं, पण जे आलं ते चांगलं होतं. आमचे पूर्वज माळव्यातून बैलगाडीनं इकडे आले, ते म्हणाले, आणि आज त्यांच्या लेकरांची गाडी माळव्यात परत जाऊन राहिली. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला.

मग वर्तमानपत्राचा फोटोवाला म्हणाला, साहेब, एक फोटो गाडीत बसून.

अध्यक्षसाहेबांचं शरीर सांगायचं तर त्यांच्याच मिलमधल्या भरलेल्या पोत्याची आठवण व्हायची. खांदे, पोट, कंबर, सगळं एका रेषेत. एक गुडघा दुखरा होता, काठी घेऊन चालायचे. मांडवातल्या प्रत्येक माणसाने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं आणि मग आपापल्या बुटांकडे पाहिलं. मी पुढे झाले. म्हटलं, साहेब, बाजूला उभं राहून फोटो जास्त चांगला येईल, गाडीही पूर्ण दिसेल. साहेब हसले. म्हणाले, "उद्घाटन करणारा बाजूले उभा राहते का, पोरी?"

आणि ते आत गेले. कसे गेले ते मला आजही सांगता येत नाही, आणि मी आयुष्यभर गाड्यांत माणसं कशी शिरतात आणि कशी निघतात याचाच अभ्यास केला आहे. आधी काठी दिली, मग एक पाय, मग दोघांनी खांदे धरले, मग विभागप्रमुख सरांनी मागून आधार दिला, आणि पोतं एकदम खाली बसावं तसे साहेब सीटमध्ये बसले. गाडी चारही चाकांवर खाली गेली. लिंबं फुटली. टाळ्या पडल्या. उत्साहाच्या भरात सरांनी त्यांना पट्टेही बांधले, डोक्यावर हेल्मेट ठेवलं. फोटो निघाला. फार सुंदर फोटो आहे. साहेब त्यात लहान मुलासारखे हसताहेत.

उठायची वेळ आली तेव्हा कळलं की दुखरा गुडघा स्टिअरिंगच्या दांड्याखालून पलीकडे गेला आहे आणि बाजूच्या पाइपमागे जाऊन बसला आहे. वाकेना, सरळ होईना. दोघांनी काखेत हात घालून ओढलं तर साहेब ओरडले. कोणीतरी तेल आणलं आणि त्यांच्या नव्याकोऱ्या पॅंटवर ओतलं. कोणीतरी सांगितलं, श्वास सोडा. त्यांनी सोडला. काही फरक पडला नाही. बँडला थांबा म्हणायचं कोणाला सुचलं नाही, त्यामुळे हे सगळं लग्नाच्या गाण्यावर चाललं होतं.

मला उपाय माहीत होता. माझाच तर ब्रॅकेट. चार बोल्ट सैल केले की दांडा वर उचलला जातो आणि गुडघा मोकळा होतो. मी पान्हा घेऊन आले. सरांना सांगितलं, दहा मिनिटं द्या. कॅप्टनने आधी हात घालून पाहिला, मनगटापाशी अडकला, आणि त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी ओढणी कमरेला खोचली आणि गाडीच्या पुढे जमिनीवर उताणी झोपले. माझं डोकं साहेबांच्या पायांपाशी आत जाणार होतं. बोल्ट दिसत होते. बोट लागत होतं.

वरून वहिनीसाहेबांचा आवाज आला. "हे पोरगी कायले झोपून राहिली तिथं? साहेबांच्या पायाखाली? एवढे पोट्टे उभे हायेत, त्याईले हात नाही का?"

आवाज मोठा नव्हता, पण मांडव गप्प झाला. बँडही नेमका तेव्हाच थांबला, इतका वेळ हे का सुचलं नव्हतं कोण जाणे. फोटोवाल्याने कॅमेरा वर केलेला मला खालून दिसला. सरांनी माझं कोपर धरून मला उठवलं. "तू मागे हो," ते म्हणाले. "बरं दिसत नाही."

मी सांगितलं की दुसऱ्याचा हात जात नाही. सर म्हणाले, मग असं डिझाइन केलंच कशाला. मी म्हटलं, सर, दहा मिनिटं. ते म्हणाले, "दहा मिनिटं तू साहेबांच्या पायाशी लोळणार, आणि उद्या पेपरात काय येईल?" पुढे ते माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांनी वर्कशॉपकडे तोंड करून ग्राइंडर मागवला.

पान्हा माझ्या हातातच होता. लोकांना मी हे सांगते तेव्हा इथे ते सगळ्यांत जास्त हसतात.

मिलचा ट्रक गेटपाशीच उभा होता. त्यातली रिकामी पोती आणली, पाण्यात भिजवली आणि ठिणग्या उडू नयेत म्हणून साहेबांच्या अंगावर टाकली. आधी मांडीवर, मग छातीवर, मग हेल्मेटवरही. संस्थेचे अध्यक्ष बघता बघता ओल्या बारदानाचा ढीग झाले. हार बाहेर राहिला. मला डोक्याकडचं पोतं धरायला सांगितलं. डोक्याशी उभं राहिलेलं चालत होतं.

ग्राइंडर सुरू झाला. पाइप पातळ होता, पण आम्ही तो फार चांगला निवडला होता. सहजी कापला जात नव्हता. पोत्याखालून आवाज आला, "हे तूच बनवलं का, पोरी?"

मी म्हटलं, "हो साहेब."

"हा पाइप काऊन इतका जवळ ठेवलास?"

मी वाकून, ग्राइंडरच्या आवाजावर आवाज चढवून, त्या पोत्याला समजावून सांगितलं. गाडी उलटली तर भार कसा कुठून कुठे जातो, पाइप अंगालगत असला तर वजन कसं वाचतं, ब्रॅकेट तिरपा का आहे. पोतं लक्ष देऊन ऐकत होतं. मध्ये एकदा "अच्छा" म्हणालं. चार वर्षांत त्या कॉलेजात मला माझ्या डिझाइनविषयी धड प्रश्न विचारणारा तो एकमेव माणूस, आणि त्याच्यासाठी शेजारी माझं डिझाइन कापलं जात होतं.

"हुशार हायेस तू," पोतं म्हणालं. "माह्या मापाची तेवढी नाही बनवलीस."

पाइप तुटला. साहेब निघाले, लंगडत उभे राहिले, दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या तर पहिल्यापेक्षा जास्त पडल्या. बँड पुन्हा सुरू झाला. मग जेवणं झाली. मसालेभात होता.

मी सरांना सांगितलं की हा अख्खा पाइप बदलावा लागेल. तसला पाइप पुण्याहून आला होता, आणि ट्रक संध्याकाळी निघणार होता. मग निदान आत एक नळी घालून, नियमात सांगितलंय तसा जोड द्या, मी म्हटलं. सर म्हणाले, वेल्ड मारा, वरून लांबीचा लेप भरा, रंग मारा. "रंगाखाली कोणाले दिसते?" आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. तिथे कोणीही साहेबांचं नाव काढायचं नाही. कॅप्टन या वेळी मात्र खूप भांडला. मग सरांनी त्याला बाजूला नेऊन अंतर्गत गुणांविषयी काहीतरी सांगितलं आणि तो रंगाचा डबा घेऊन आला.

माळव्यात आमच्या गाडीपाशी तपासणीला आलेला माणूस तरुण होता, शांत होता. त्याने पाइपांवर किल्लीने टकटक केलं. मग डोळे मिटून प्रत्येक पाइपच्या खालच्या बाजूने बोट फिरवत गेला. त्या जागी बोट थांबलं. त्याने नखाने रंग खरवडला. पाइपच्या ऐन मध्यावर, जिथे कुठलाच जोड असायचं कारण नाही, तिथे जोड होता.

त्याने विचारलं, हे का कापलं होतं? मी तोंड उघडायच्या आत सर पुढे झाले. "डिझाइन में थोड़ी गलती रह गई थी, सर. बाद में ठीक किया." तरुणाने विचारलं, डिझायनर कोण. सरांनी माझ्याकडे पाहिलं. टीमने माझ्याकडे पाहिलं. कॅप्टन खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बांधलेलीच होती.

तो तरुण माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फार सौम्यपणे मला सांगितलं की असल्या पाइपवर गाडी उलटली तर तो नेमका तुमच्या मांडीपाशी मोडेल, आणि गाडी चालवणार तुम्हीच आहात ना? मग त्याने आमच्या गाडीवर बाद झाल्याचा लाल कागद चिकटवला आणि पुढच्या गाडीकडे गेला. बरोबरच केलं त्याने. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. आता मी त्याच्याच जागी असते, आणि हेच करते.

ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन मी तरीही त्या टेबलांपाशी गेले. एका कंपनीचे डिझाइनवाले गृहस्थ चहा पीत बसले होते. मी त्यांना म्हटलं, माझी गाडी बाद झाली, पण चूक माझी नव्हती, दोन मिनिटं ऐका. आणि मी सांगितलं. साहेब, लिंबं, गुडघा, पोती, बँड. तोवर मी हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण झालं भलतंच. ते हसायला लागले. मी पोत्याखालचा आवाज काढून दाखवला तर त्यांनी कप खाली ठेवला आणि शेजारच्यांना बोलावलं. त्यांच्या हसण्याने मलाही चेव आला. सांगून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. गोष्ट फारच छान आहे, म्हणाले, पण मी हिच्यावर विश्वास कसा ठेवू? बाद झालेला प्रत्येक जण काहीतरी सांगतो. असं करा, तुमच्या संस्थेतल्या कोणीही जबाबदार माणसाने मला फोनवर एवढंच सांगू दे की तो पाइप डिझाइनच्या चुकीने कापला गेला नाही. मग मी तुमचं ड्रॉइंग बघतो. त्यांनी नंबर लिहून दिला. ड्रॉइंग उघडलं नाही.

एक फोन. परत येतानाच्या सबंध प्रवासात मी तेवढाच विचार करत होते. सरांकडून तो होणार नव्हता. पण पोत्याखालून ज्यांनी ब्रॅकेटविषयी विचारलं होतं ते करतील असं मला मनापासून वाटत होतं.

गोंदियाला आल्यावर मी थेट मिलवर गेले. ऑफिसात साहेब गादीवर पाय पसरून बसले होते, गुडघ्याला पट्टा होता. दोन मोबाइल समोर होते. बालाघाटकडचे दोन व्यापारी बसले होते. मला पाहून साहेब खरोखर खूश झाले. मला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि व्यापाऱ्यांना म्हणाले की हीच ती, जिच्या गाडीत मी फसलो होतो.

मी माझं काम सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "ते होऊन जाईल. आधी यांना सांग, कसं कसं झालं ते. मी तर पोत्याखाली होतो, मले कुठं काय दिसलं?"

मी सांगितलं. व्यापारी हसून हसून लोळायचे बाकी राहिले. साहेब सगळ्यांत जास्त हसले. मध्ये मध्ये मला थांबवून आठवण करून देत, तेल सांग, ते तेलाचं राहिलं. हमाल दारात येऊन उभे राहिले.

मग सगळे शांत झाल्यावर मी नंबर पुढे ठेवला आणि म्हटलं, साहेब, एवढंच सांगायचं आहे, की तुम्ही अडकलात म्हणून पाइप कापला. एक मिनिटाचं काम आहे. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

त्यांनी नंबर हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मोबाइल उचलला, आणि पुन्हा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. ते मनापासून अडचणीत पडले होते.

"पोरी," ते म्हणाले, "पण हे फोनवर कसं सांगायचं?"

मी म्हटलं, आता मी सांगितलं तसंच.

"हे आपलं घरातलं आहे. हसायले बरं आहे. बाहेरच्या माणसाले, एवढ्या मोठ्या कंपनीले, संस्थेचा अध्यक्ष कसा सांगन, की मी फसलो आणि माह्या पोट्ट्यांनी मले कापून काढलं? प्रवेशाचे दिवस आहेत." त्यांनी कागदाची घडी केली आणि सांभाळून माझ्या हातात परत दिली. "तुले आपल्याच कॉलेजात लावून घेतो मी. लॅबमध्ये. कायले बाहेर जातेस?"

लॅबमध्ये ती जीप होती. उठावं म्हणून मी पर्स उचलली, तेवढ्यात दारातून त्यांचा एक जुना स्नेही आला, गुडघ्याची चौकशी करायला. साहेबांचा चेहरा उजळला.

"बस, बस," ते मला म्हणाले. "जाऊ नोको. यांनी ऐकलंच नाही. यांना सांग."

मी बसले, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आणि काय सांगू तुम्हाला, या खेपेला ती गोष्ट जास्त रंगली.